धारवाडला उसनं गेलेलं बी

रक्षितानं डोक्यावरची शेणखताची बुट्टी वाफ्यात पालथी केली. रिकामी बुट्टी तशीच उलटी धरून तिच्या बुडावर तिनं मूठ ठेवली.

"हे बघा. ही बुट्टी म्हणजे भाताचं पान. आणि ही मूठ म्हणजे बुरशीचा कण. डोळ्याला दिसतसुद्धा न्हाई एवढा. वाऱ्यावर उडत येतो आणि पानाला चिकटतो. आता त्याला आत जायचंय, पण पानाचं कातडं टणक. मग काय करंल तो?"

"दार वाजवंल," सुशीला म्हणाली.

सुशीला शेजारच्या घरची. आज ती यांच्या वाफ्यात राबत होती, परवा रक्षिताची आई तिच्या वाफ्यात राबणार होती. गुंद गावात तरव्याची, म्हणजे लावणीआधीच्या भाताच्या रोपांची, तयारी अशीच व्हायची. कुदळीवर हनुवटी टेकून ती रक्षिताकडे बघत होती. आई, चंद्रा, मात्र वाकलेलीच होती. भाताचं बी पडायचं ती जागा ती हाताच्या तळव्यानं सारखी करत होती, खडा लागला की उचलून मागे टाकत होती.

"दार न्हाई वाजवत. फुगतो!" रक्षितानं गाल फुगवले, डोळे मोठे केले आणि मग हवा सोडून दिली. "जीपच्या चाकात हवा असते न्हवं, तिच्या चाळीसपट दाब. एवढासा जीव, पण जोर बघा. आणि मग खालनं सुई काढतो आणि खच्चकन आत! मागनं पानावर डोळ्यासारखा डाग पडतो. मधे राखाडी, कडेनं तांबूस."

"करपा," आई न बघता म्हणाली.

"व्हय, करपाच. पण खरी गंमत पुढंच हाय."

रक्षिता कालच संध्याकाळी धारवाडहून परत आली होती. चुलतबहीण सुनयना तिथल्या विद्यापीठात करप्याच्या बुरशीवर संशोधन करत होती, आणि सुट्टी संपता संपता तिनं रक्षिताला चार दिवस आपल्याकडे नेलं होतं. गेली तेव्हा वर्गात हजेरीलासुद्धा दबक्या आवाजात 'हजर' म्हणणारी ही मुलगी होती. तिथं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून उभी असताना मागून मोठ्या सरांनी विचारलं, काय दिसतंय? तिच्या तोंडून निघून गेलं, 'उलटा टांगलेला थेंब, आणि त्याच्या पोटात दोन भिंती.' सर हसले नाहीत. त्यांनी सगळ्यांना बोलावून तेच वाक्य परत म्हणून दाखवायला लावलं. तेव्हापासून रक्षिताच्या जिभेला कुलूप राहिलं नव्हतं. बसमध्ये शेजारच्या बाईला तिनं दांडेली येईपर्यंत बुरशीच सांगितली होती.

"पानावर बसून त्याला खायला काय मिळतंय? काहीच न्हाई. म्हणून तो घरनं शिदोरी घेऊन येतो. अंगातली चरबी. पण चरबी तशीच्या तशी कामाची न्हाई, ती फोडायला एक विकर लागतो. विकर म्हणजे…" तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि बांधावरचा कोयता उचलला. "हा. चरबी तोडायचा कोयता. सुनयनाअक्कानं काय केलं, बुरशीच्या हातातला तो कोयताच काढून घेतला. आता बुरशी जिवंत हाय, पोटात चरबी हाय, पण तोडता येत न्हाई. फुगता येत न्हाई. शिदोरी जवळ असून पानावर बसून उपाशी मरते."

"आमच्या धाकट्या दिराचं तसंच हाय गं," सुशीला म्हणाली. "अंगावर चरबी बघ केवढी, पण मेला बांध ओलांडायचा न्हाई."

"म्हणजे त्यांच्यात विकर न्हाई!"

"सांगते त्याला. औषध हाय काय म्हणावं धारवाडला, रक्षिता आणून देईल."

दोघी हसत सुटल्या. आईसुद्धा हसली, आणि हसतच कंबर सरळ करून उभी राहिली.

"ते राहू दे. आपलं भात बघितलंस न्हवं तिथं? कसं हाय?"

हा प्रश्न तिनं काल रात्रीही विचारला होता, पण लेक जेवताजेवताच पेंगली होती.

आपलं भात म्हणजे काळकुसळी. दाणा आखूड, कुसळ काळं आणि लांब, पेजेला त्याच्यासारखं दुसरं नाही. पूर्वी गुंदच्या घराघरात होतं. हळूहळू एकेका घरानं सोडलं आणि चंद्राच्या एका तुकड्यात तेवढं उरलं. सुनयना दरवर्षी येऊन त्याचं मूठ-दोन मूठ बी मागून न्यायची; एवढ्याचा परतीचा हिशोब कुणी ठेवला नव्हता. गेल्या वर्षी तिनं नेहमीपेक्षा जास्त मागितलं, आणि चंद्रानं पेरून उरलेलं सगळंच दिलं. बी मागितलं तर नाही म्हणायचं नसतं, त्याचे पैसेही घ्यायचे नसतात. नेणाऱ्यानं ते पिकवावं आणि पुढच्या तरव्याच्या आधी तेवढंच, वर मूठभर जास्त, परत आणून द्यावं, ही रीत. गावातल्या बायका मुद्दाम दुसऱ्या घरी बी देऊन ठेवायच्या. एका घरचं पीक गेलं, तरी दुसऱ्या घरचं राहतं.

आणि गेल्या कार्तिकात पीक गेलंच. कापणी तोंडावर आली असताना गवे उतरले. सकाळी बघतात तर तुकडा खाऊन तुडवून सपाट. चिखलात काही लोंब्या पडल्या होत्या. सुशीला म्हणाली होती, वेचून घेऊ या, ओंजळभर तरी निघंल. चंद्रानं गुरं सोडली त्यात. 'कशाला चिखल उपसायचा,' ती म्हणाली होती, 'माझं बी धारवाडला सुखरूप हाय.'

"बघितलं म्हणजे?" रक्षिता म्हणाली. "फळीवर फळी, ट्रेवर ट्रे! आणि प्रत्येकावर आपलं नाव. काळकुसळी, गुंद. इंग्रजीत लिवलंय. मी सगळ्यांना सांगितलं, हे आमच्या घरचं हाय."

आईच्या चेहऱ्यावर काहीतरी पसरत गेलं. तिनं सुशीलाकडे पाहिलं.

"लोंब्या कशा धरल्या? भरल्या व्हत्या?"

"लोंब्या? लोंब्यांपर्यंत कुठं ठेवतात. रोप वीतभर झालं की त्याच्यावर बुरशी फवारतात."

"फवारतात? मुद्दाम?"

"मुद्दामच! त्यासाठीच तर नेतात. दुसऱ्या भातावर कधी पडते, कधी न्हाई पडत. मग कळायचं कसं, बुरशी मेली का भातच दांडगं? आपल्यावर हमखास. सर म्हणाले, ह्याच्यासारखं करपणारं भात अख्ख्या कर्नाटकात दुसरं न्हाई!"

हे तिनं छाती पुढे काढून सांगितलं. परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखं.

सुशीलाची कुदळ थांबली. तिनं एकदा चंद्राकडे पाहिलं, आणि मग पलीकडच्या वाफ्यात काहीतरी राहिलं असल्यासारखी तिकडे वळली. चंद्रा खाली बसली. हाताला एक खडा लागला, तो तिनं उचलला, पण टाकला नाही.

"सगळंच करपलं?"

"सगळं. आठवड्यात पानं पेटवल्यासारखी." रक्षिताचा आवाज जरा उतरला. आपण काय बोललो ते तिला नीट कळलं नव्हतं, पण कुदळ थांबलेली तिनं ऐकली होती. घाईनं ती म्हणाली, "एक ट्रे सोडून! बिनकोयत्याची बुरशी फवारली व्हती तो. त्याच्यावर एक डाग न्हाई आये, एक डाग न्हाई. हिरवागार. अक्का रडली तो बघून. चार वर्षं त्याच्यासाठीच घासली ती."

"केवढा हाय तरवा?"

रक्षितानं वीत दाखवली, मग वर दोन बोटं.

"किती दिवसांचा?"

"महिना होईल आता."

"म्हणजे लावणीला आला," आई म्हणाली. खडा हातातून पडला. "सुशीला, ऐकलंस? लावणीला आला."

"एका ट्रेचं काय होतंय?"

"एक एक काडी लावते. लांब लांब लावते. विहिरीपाशी लावते, गव्यांच्या तोंडी न्हाई लागायचं. कार्तिकात सूपभर बी निघंल. सूपभर निघालं की झालं." बोलता बोलता तिनं हात झाडले, लुगड्याला पुसले. "जा, अक्काला फोन लाव. आज बी द्यायला येणार हाय न्हवं ती, निघायच्या आत गाठ. म्हणावं, ट्रे मांडीवर घेऊन बस, गाडीत खाली ठेवू नको. वर ओलं फडकं टाक म्हणावं."

रक्षिता चढावर पळाली. रेंज फक्त तिथल्या आंब्याखाली यायची. तिनं चारदा लावला. बाईचा कानडी आवाज चारही वेळा तेच बोलला. गाडी जंगलात शिरली असणार. तिनं निरोप लिहून पाठवला आणि पडद्याकडे बघत उभी राहिली. निरोप गेला नाही. खाली आई विहिरीजवळची जागा पावलांनी मापत होती.

सुनयना दुपारच्या गाडीनं आली. पाठीवर सॅक, हातात कापडी पिशवी. रक्षितानं आधी तिच्या हातांकडे पाहिलं, मग ती उतरली त्या गाडीच्या दाराकडे. कंडक्टरनं दार ओढून घेतलं आणि गाडी उळवीच्या वाटेला लागली.

"ट्रे?"

"कसला ट्रे?" सुनयना म्हणाली. "आणि तुझे डोळे का असे? चल, आधी काकीकडं. बी दिल्याशिवाय पाणीसुद्धा पिता येत न्हाई मला."

ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली, रीतीप्रमाणे. आई सूप घेऊन आतून आली. सुशीला ओसरीच्या कडेला टेकली होती. सुनयनानं कापडी पिशवीतून पिवळी, शिवलेली पिशवी काढली. तिच्यावर भाताच्या लोंबीचं चित्र होतं, कुसळ नसलेल्या लोंबीचं.

"काकी, दिलंत त्याच्या दुप्पट आणलंय. लई चांगलं वाण हाय. करपा येत न्हाई ह्याला."

"माझं कुठाय?"

"ह्याला उतारापण…"

"माझं कुठाय गं, सुना?"

सुनयनानं पिशवी छातीशी धरली.

"ते संपलं, काकी. शेवटच्या प्रयोगाला सगळंच लागलं. मला वाटलं, तुमच्याकडं हाय. दरवर्षी मिळतंच की तुमच्याकडं."

"आणि मला वाटलं तुझ्याकडं हाय."

"गवे आले ते मला कुणी कळवलं असतं तर… परवा रक्षितानं सांगितलं तेव्हा कळलं."

"कशाला कळवायचं? बी दुसऱ्या घरी असलं की गवे आले काय आणि गेले काय."

"अक्का, तो हिरवा ट्रे!" रक्षिता मधेच शिरली. "एक डाग नसलेला. तो उद्याच्या गाडीनं आणू या. मी जाते. मी एकटी जाते आणि घेऊन येते!"

सुनयनानं तिच्याकडे पाहिलं नाही.

"आज पहाटे त्याचेच फोटो काढायचे राहिले व्हते," ती हळू म्हणाली. "काढले आणि… कुकरमध्ये घातला. मोठा कुकर असतो तिथं. नियमच हाय, काकी. बदललेली बुरशी बाहेर सुटता कामा नये. ट्रे, माती, रोपं, हातमोजे, सगळं वाफेवर शिजवायचं. सही करावी लागते त्याच्यावर."

"जिवंत व्हता न्हवं तो?"

"व्हय."

"हिरवा व्हता?"

"हिरवा व्हता, काकी."

"आणि शिजवलास."

सुशीलाच्या हातातली सुपारी अर्धी कातरून तशीच राहिली.

"परवा जरी कुणी बोललं असतं…" सुनयना म्हणाली, आणि रक्षिताकडे बघून थांबली. परवा तो हिरवा ट्रे समोर असताना रक्षितानं गव्यांची गोष्ट सांगितली होती. गवे कसे उतरले, आई कशी म्हणाली, माझं बी सुखरूप हाय. मजेनं सांगितली होती, आणि सुनयनानं ती एका कानानं ऐकत डागांची मोजणी चालू ठेवली होती. तेव्हा दोघींनाही तो ट्रे म्हणजे तरवा आहे, हे सुचलं नव्हतं.

आईनं सूप पुढे केलं.

"ओत."

"काकी…"

"ओत गं. किती वेळ उन्हात उभी राहशील. तहान लागली असंल."

सुनयनानं शिवण उसवली. बी सुपात पडलं. गुलाबी होतं, औषध चोळलेलं. पोरींच्या बांगड्यांसारखा रंग. सुशीलानं मान पुढे काढून पाहिलं आणि तोंडावर पदर धरला. आईनं सूप दोनदा हलवलं, वरचं बी खाली केलं, खालचं वर. मग रीतीप्रमाणे त्यातली मूठ भरून सुनयनासमोर धरली. परत आणणाऱ्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नसतं.

"घे. तुला लागंल करपवायला."

"हे करपत न्हाई, काकी."

"मग तुझ्या काय कामाचं."

तरीही ती मूठ तिनं मागे घेतली नाही. सुनयनाला ओंजळ पुढे करावी लागली.

नंतर सगळ्या ओसरीवर बसल्या. आईनं पाणी दिलं, गूळ दिला, चहा टाकला. सुनयनानं गूळ तोंडात घातला आणि बराच वेळ चावला नाही. आपला लेख छापून येणार, त्यात काळकुसळीचं नाव येणार, असं काहीतरी ती सांगू लागली आणि अर्ध्यावरच थांबली. सुशीला उठून गेली. जाताना तिनं चंद्राच्या खांद्यावर हात ठेवला.

"एक विचारू?" आई म्हणाली. चहाची भांडी ती राखेनं घासत होती. "ती बुरशी. कोयता काढून घेतलेली. तीबी शिजवलीस?"

सुनयनाच्या आधी रक्षिताच बोलली. हे तिला येत होतं.

"न्हाई! ती कशी शिजवतील? तिच्यावर तर पुढचं सगळं काम. ती फ्रीजरमध्ये हाय, आये. आपल्या बर्फापेक्षा कितीतरी थंड. दोन्ही ठेवल्यात, कोयतावालीपण आणि बिनकोयत्याचीपण. आणि समजा तो फ्रीजर बंद पडला, तर? म्हणून दुसऱ्या इमारतीत, दुसऱ्या फ्रीजरमध्ये, परत थोडी…"

तिचं वाक्य आपोआप बारीक होत गेलं.

आईचा हात भांड्यावर फिरत राहिला. भांडं केव्हाच लखलखीत झालं होतं.

"दुसऱ्या घरीपण ठेवलीय," ती म्हणाली. मग सुनयनाकडे वळून, अगदी साध्या आवाजात, जेवायला बसतेस का असं विचारावं तशा, "म्हणजे बी कसं राखायचं ते तू विसरली न्हाईस."

सुनयनानं खाली पाहिलं. ती पहाटे उठून कामाला लागली होती आणि तिथूनच गाडीला आली होती. जेवून थोडं पडणार होती. ती जेवली नाही. परतीच्या गाडीनं मला जावं लागंल, असं म्हणाली, आणि कुणी आग्रह केला नाही. रक्षिता तिच्यासोबत नाक्यापर्यंत गेली. गाडी आली तेव्हा सुनयनानं मुठीतलं गुलाबी बी रुमालात बांधलं, रुमाल सॅकच्या आतल्या कप्प्यात ठेवला आणि रक्षिताच्या डोक्यावर हात ठेवला. हाताला औषधाचा वास होता.

परतल्यावर रक्षिताला आई वाफ्यातच दिसली. ऊन कललं होतं. सूप बांधावर होतं आणि पिवळी पिशवी तिच्या शेजारी.

"ये. तुझीच वाट बघत व्हते." आईनं पिशवी तिच्याकडे केली. "मागं बारीक लिवलंय कानडीत. काय म्हणतंय ते वाच. किती दाट फेकायचं ह्याचं?"

बी किती दाट फेकायचं, हे आईनं कुणाला विचारलेलं रक्षितानं कधी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या घरच्या बायका आईला विचारायला यायच्या. तिनं पिशवी उजेडाकडे धरली. अक्षरं लहान होती, काही घडीत पुसली होती.

"दाट न्हाई टाकायचं. विरळ. एका हाताएवढ्या जागेत पसाभरपण नको."

"आणि?"

"हाताला लागलं की धुवायचं. जनावरांना घालायचं न्हाई. खायचं न्हाई."

"आणि?"

"खत दोनदा."

आईनं मान हलवली. खत दोनदा. ती मनात ठेवत होती.

"खाली अजून एक ओळ दिसतीय. ठळक."

रक्षितानं ती ओळ वाचली. या पिकातलं बी पुढच्या हंगामासाठी राखू नये, दर वर्षी नवीन घ्यावं. ओळीखाली रेघ मारलेली होती. तिनं ती परत एकदा वाचली, ओठ न हलवता. आईनं सुपातलं बी मुठीत घेतलं होतं आणि ती थांबली होती.

"कंपनीचा पत्ता हाय," रक्षिता म्हणाली, आणि पिशवीची घडी घातली.

आईनं हात लांब नेला आणि बी फेकलं, विरळ.